पुनर्वसनास अपात्र ठरलेला पुनर्वसन संचालक

१९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या पुनर्वसन खात्याकडे एका तरुणाचा अर्ज आला. विद्यापीठात शिकण्यासाठी त्याला अर्थसाहाय्य हवे होते. मानेखालचे जवळजवळ सारे शरीर लुळे पडलेले, श्वासोच्छ्वासासाठी यंत्राचा आधार आणि हालचाल काय ती एका हाताची दोन बोटे व पायाची काही बोटे यांपुरती उरलेली. हा मनुष्य आयुष्यात कधीही नोकरी करू शकणार नाही, तेव्हा त्याच्या शिक्षणावर सरकारी पैसा खर्च करणे व्यर्थ होय, असा निष्कर्ष काढून खात्याने अर्ज फेटाळला. पुढे १९७५ साली राज्याच्या गव्हर्नरांनी त्याच खात्याच्या संचालकपदी एका व्यक्तीची नेमणूक केली. ती व्यक्ती म्हणजे तोच अर्जदार, एडवर्ड रॉबर्ट्स. जग त्यांना एड रॉबर्ट्स या नावाने ओळखते.

जिद्दीची कहाणी म्हणून हा प्रसंग वारंवार सांगितला जातो. परंतु रॉबर्ट्स यांच्या आयुष्याचा खरा विषय जिद्दीपेक्षा मोठा होता. दिव्यांग माणसाने कुठे राहायचे, केव्हा उठायचे, काय शिकायचे आणि कोणाच्या हातून मदत घ्यायची, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या एकाच प्रश्नाभोवती त्यांचे सारे जीवन फिरले. आज अनेक देशांच्या कायद्यांत दिव्यांगांच्या स्वतंत्र जीवनाच्या हक्काचा उल्लेख आढळतो. त्या हक्काची मुळे शोधू लागल्यास आपण बर्कले शहरातील एका रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन पोहोचतो.

रॉबर्ट्स यांचा जन्म २३ जानेवारी १९३९ रोजी कॅलिफोर्नियात झाला. चार भावांत ते थोरले. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला असलेल्या बर्लिंगेम या गावात त्यांचे बालपण गेले. खेळाची विलक्षण आवड असलेला, मैदानावर रमणारा हा मुलगा १४ वर्षांचा असताना, १९५३ साली, पोलिओने आजारी पडला. जोनास साल्क यांची पोलिओ प्रतिबंधक लस सर्वत्र उपलब्ध व्हायला आणखी दोन वर्षे अवकाश होता. त्या काळी पोलिओच्या साथीत ज्यांचे श्वसनाचे स्नायू निकामी होत, त्यांना लोखंडी फुप्फुस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्रात ठेवत. डोके तेवढे बाहेर आणि उर्वरित शरीर एका मोठ्या नळकांड्यात. त्यातील हवेचा दाब कमीजास्त होई, तशी रुग्णाची छाती वरखाली होत असे. एडचा पुढचा जवळजवळ दीड वर्षांचा काळ अशा यंत्रांच्या सहवासात, रुग्णालयांतच गेला.

हा मुलगा जगला तरी त्याचे आयुष्य निर्जीव वस्तूसारखेच असेल, त्यापेक्षा मरण बरे, अशा आशयाचे उद्गार एका डॉक्टरने त्याच्या आईजवळ काढले. ते एडच्याही कानी पडले. आपल्यासाठी पुढे काहीच उरलेले नाही, अशी त्याची खात्री पटली. आत्महत्या करण्याइतकीही शक्ती हातात नव्हती. तेव्हा त्याने अन्न नाकारले. त्याचे वजन घटत घटत सुमारे ५० पौंडांवर, म्हणजे २३ किलोंच्या आसपास आले. परिचारिका बळेच भरवत असत. अखेर त्याच्या देखभालीसाठी खास नेमलेली परिचारिका निघून गेली आणि त्याच्या ध्यानी आले की खायचे की नाही, हे आता पूर्णपणे आपल्यावर आहे. मग त्याने आपणहून खायला सुरुवात केली. आजारपणानंतर स्वतःच्या आयुष्याविषयी त्याने स्वतः घेतलेला हा पहिला निर्णय होता. निर्णय आपला असेल तर जगण्याची इच्छाही परत येते, हा धडा रॉबर्ट्स पुढे कधी विसरले नाहीत. इंग्रजीत अशा असहाय रुग्णाला भाजीपाल्याची उपमा देतात. मोठेपणी रॉबर्ट्स त्यावर विनोद करीत. भाजीच व्हायचे असेल तर मी आर्टिचोक होईन, असे त्यांचे म्हणणे असे. ही भाजी बाहेरून काटेरी आणि आतून कोवळी असते. आपल्याकडे माणसाला फणसाची उपमा देतात, तीच ही कल्पना.

घरी परतल्यावर शाळा दूरध्वनीच्या तारेवरून सुरू झाली. वर्गातील शिकवणे घरी ऐकू येई आणि घरून उत्तरे देता येत. एडला हीच सोय बरी वाटत होती, कारण लोकांच्या नजरांची त्याला भीती वाटे. मात्र आई झोना रॉबर्ट्स यांना मुलाने घराच्या चार भिंतींत आयुष्य काढणे मान्य नव्हते. त्यांनी आग्रह धरून त्याला अधूनमधून प्रत्यक्ष शाळेत न्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी सारी मुले त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली. त्याने नजर वर करून उलट पाहिले, तेव्हा पाहणाऱ्यांनीच माना वळवल्या. लोकांच्या पाहण्याची लाज आपण बाळगण्याचे कारण नाही, हे त्याला त्या दिवशी उमगले.

शालान्त शिक्षण पूर्ण होण्याच्या सुमारास एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. मोटार चालवण्याचे शिक्षण आणि शारीरिक शिक्षण हे दोन विषय पूर्ण झालेले नाहीत, सबब प्रमाणपत्र देता येणार नाही, अशी भूमिका शाळेने घेतली. ज्याला हातही उचलता येत नाही, त्याने मोटार चालवली नाही म्हणून त्याचे शिक्षण अपुरे! झोना गप्प बसल्या नाहीत. त्यांनी शाळा मंडळापर्यंत दाद मागितली आणि प्रमाणपत्र मिळवले. नियम सर्वांना सारखा लावला म्हणजे न्याय झाला असे नव्हे, याचा हा रोकडा पाठ होता. पुढे अपंगत्वाविषयीच्या कायद्यांत वाजवी सोयीसुविधा पुरवण्याचे जे तत्त्व रूढ झाले, त्याचे बीज अशाच अनुभवांत आहे.

सॅन मॅटिओच्या महाविद्यालयात सुरुवातीचे महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण केल्यावर रॉबर्ट्स यांनी राज्यशास्त्रासाठी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची निवड केली. याच टप्प्यावर पुनर्वसन खात्याने त्यांना अपात्र ठरवले. रॉबर्ट्स आणि त्यांचे पाठीराखे वृत्तपत्रांकडे गेले. गवगवा झाला आणि खात्याला निर्णय फिरवावा लागला. विद्यापीठातही स्वागत होतेच असे नाही. अपंगांना घेऊन पाहण्याचा प्रयोग आपण पूर्वी केला व तो फसला, असे तेथील एका अधिकाऱ्याने ऐकवले. शिवाय सुमारे ८०० पौंड वजनाचे लोखंडी फुप्फुस वसतिगृहाच्या खोलीत मावणारे नव्हते. अखेर विद्यापीठाच्या आरोग्य सेवेचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रुइन यांनी मार्ग काढला. विद्यापीठाच्या आवारातील कॉवेल रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर, रॉबर्ट्स यांना खोली देण्यात आली. तेथे ते रुग्ण म्हणून दाखल झाले नव्हते, तर विद्यार्थी म्हणून राहत होते. १९६२च्या शरद ऋतूत त्यांचे शिक्षण सुरू झाले. त्याच काळात मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश देण्यासाठी सरकारला सैन्य पाठवावे लागले होते. बर्कलेत सैन्य आले नाही, दंगलही झाली नाही. परंतु तेथेही एक बंद दरवाजा उघडला होता.

रॉबर्ट्स यांचा भाऊ रॉन त्यांच्या सोबत होता व सुरुवातीला तोच त्यांचा मदतनीस होता. पुढे सरकारी साहाय्यातून मिळणाऱ्या पैशांतून मदतनीस ठेवता येऊ लागले. मदतनीस निवडणे, कामाच्या वेळा ठरवणे, नको असल्यास त्याला कामावरून दूर करणे, हे सारे रॉबर्ट्स स्वतः करीत. वरकरणी ही बाब क्षुल्लक वाटेल. पण रुग्णालयात परिचारिका आपल्या सवडीने रुग्णाला उठवते आणि येथे माणूस आपल्या सवडीने मदतनिसाला बोलावतो. या दोहोंमधील अंतर हेच परावलंबन व स्वातंत्र्य यांमधील अंतर आहे, अशी रॉबर्ट्स यांची धारणा झाली. स्वतःच्या हाताने सदरा घालता येणे म्हणजे स्वातंत्र्य, ही वैद्यकीय व्याख्या त्यांनी बाजूला सारली. कोणता सदरा घालायचा आणि तो घालून कुठे जायचे, हे ठरवता येणे म्हणजे स्वातंत्र्य, अशी त्यांची मांडणी होती.

बर्कलेची वार्ता पसरली तसे इतरही दिव्यांग विद्यार्थी येऊ लागले. जॉन हेस्लर हे त्यांतील पहिले. काही वर्षांत कॉवेलच्या त्या मजल्यावर डझनभर विद्यार्थी राहू लागले. त्यांनी स्वतःला एक खट्याळ नाव घेतले, रोलिंग क्वॉड्स. म्हणजे चाकांवर फिरणारे, चारही अवयव लुळे असलेले लोक. रात्री उशिरापर्यंत तेथे राजकारणावर वाद झडत. नागरी हक्कांची चळवळ, युद्धविरोधी निदर्शने, बर्कलेतच पेटलेले अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे आंदोलन, हे सारे त्यांच्या खिडकीखाली घडत होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस पुनर्वसन खात्याच्या एका समुपदेशक बाईंनी या विद्यार्थ्यांवर कडक नियम लादायला सुरुवात केली व दोघांना कार्यक्रमातून काढून टाकण्याची धमकी दिली. विद्यार्थी एकवटले, विद्यापीठाचा पाठिंबा मिळवला, पुन्हा वृत्तपत्रांकडे गेले. शेवटी त्या बाईंचीच बदली झाली. आपण एकेकटे रुग्ण नसून एक राजकीय समूह आहोत, ही जाणीव या लढ्याने पक्की केली.

याच वर्षांतील एक प्रसंग रॉबर्ट्स स्वतः आवडीने सांगत. विजेवर चालणारी खुर्ची तुम्हाला चालवता येणार नाही, असे तज्ज्ञांनी त्यांना सांगितले होते. त्यामुळे कुठेही जायचे तर खुर्ची ढकलणारा मनुष्य सोबत हवाच. मग ते प्रेमात पडले. प्रेयसीला भेटायला जातानाही तिसरा मनुष्य हजर! ही अडचण असह्य होऊन त्यांनी खुर्चीची कळ आपल्या दोन बोटांना जमेल अशा रीतीने उलट बसवून घेतली आणि अल्पावधीत ती चालवायला शिकले. तज्ज्ञांचे मत एका प्रेमप्रकरणाने खोडून काढले. स्वतंत्र जीवनाच्या हक्कात खासगीपणाचाही समावेश होतो, हे त्यांना कोणत्याही ग्रंथाने शिकवले नव्हते.

रॉबर्ट्स यांनी १९६४ साली पदवी आणि १९६६ साली पदव्युत्तर पदवी मिळवली. १९७० मध्ये विद्यापीठात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. मदतनिसांची यादी, खुर्चीची दुरुस्ती, राहण्याजोग्या जागेचा शोध, सरकारी अर्जांसाठी साहाय्य, अशी त्याची कामे होती. शहरातील इतर दिव्यांगही तेथे येऊ लागले, तेव्हा विद्यापीठाबाहेर अशी संस्था हवी हे स्पष्ट झाले. १९७२ साली बर्कले येथे स्वतंत्र जीवन केंद्राची स्थापना झाली आणि पुढे रॉबर्ट्स त्याचे संचालक झाले. ज्यांना सेवा हवी त्यांनीच सेवा चालवायची, निर्णय घेणाऱ्यांत दिव्यांगांचेच बहुमत असायचे, हा त्या केंद्राचा पाया होता. याच सुमारास या मंडळींच्या पाठपुराव्यामुळे बर्कलेत पदपथांच्या कडांना उतार करण्याचे काम सुरू झाले. त्या उतारांवरून पुढे बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, सामान वाहणारे कामगार आणि वृद्ध माणसेही जाऊ लागली.

रॉबर्ट्स संचालक झाले, तेव्हा केंद्रीय पातळीवर एक लढा रंगात आला होता. १९७३च्या पुनर्वसन कायद्यात कलम ५०४ या नावाने एक छोटी तरतूद होती. केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमात केवळ अपंगत्वामुळे कोणाला वगळता येणार नाही, एवढाच तिचा आशय. मात्र तिची नियमावली निघत नव्हती आणि नियमावलीविना कायदा कागदावरच होता. चार वर्षे उलटली. ५ एप्रिल १९७७ रोजी ज्युडिथ ह्यूमन, किटी कोन आदींच्या नेतृत्वाखाली शंभराहून अधिक दिव्यांग व त्यांचे साथी सॅन फ्रान्सिस्को येथील केंद्र सरकारच्या इमारतीत शिरले आणि तेथेच ठाण मांडून बसले. अनेकांपाशी औषधे नव्हती, श्वसनयंत्रे नव्हती, रात्री कुशीवर वळवणारे नेहमीचे मदतनीस नव्हते. ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते त्यांच्यासाठी जेवण आणत. रॉबर्ट्स त्या वेळी राज्य सरकारचे उच्चपदस्थ अधिकारी होते. तरीही त्यांनी आंदोलकांना उघड पाठिंबा दिला आणि त्यांच्यापुढे भाषणेही केली. २८ एप्रिल रोजी मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमावलीवर स्वाक्षरी केली.

संचालक म्हणून रॉबर्ट्स १९८३ पर्यंत काम करीत होते. ज्या खात्याने अर्जदारांची पात्र आणि अपात्र अशी वर्गवारी करण्यात धन्यता मानली, त्या खात्यातून राज्यात ठिकठिकाणी स्वतंत्र जीवन केंद्रे उभी राहावीत यासाठी त्यांनी पैसा वळवला. १९७८ साली केंद्रीय कायद्यातही अशा केंद्रांसाठी निधीची तरतूद झाली. या धकाधकीत त्यांनी १९७६ मध्ये विवाह केला, त्यांना एक मुलगा झाला. मात्र तो विवाह टिकला नाही. १९८३ मध्ये ज्युडिथ ह्यूमन व जोन लिऑन यांच्यासह त्यांनी जागतिक अपंगत्व संस्था स्थापन केली. पुढच्याच वर्षी त्यांना मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. रात्री लोखंडी फुप्फुसात झोपणारा हा मनुष्य दिवसा देशोदेशी हिंडून आपले विचार मांडत राहिला. २६ जुलै १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अपंगत्वावरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणाऱ्या व्यापक कायद्यावर सही केली. १४ मार्च १९९५ रोजी, वयाच्या ५६व्या वर्षी, रॉबर्ट्स यांचे हृदयविकाराने निधन झाले. मोटारीतले आसन बसवलेली त्यांची विजेची खुर्ची आज वॉशिंग्टन येथील अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

त्यांच्या मागे राहिलेले काम अपुरे होते. १९९९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओल्मस्टेड खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. जॉर्जिया राज्यातील दोन महिलांना समाजात राहता येण्यासारखे असूनही संस्थेत ठेवण्यात आले होते. विनाकारण असे डांबून ठेवणे हा भेदभावच आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र राज्याच्या उपलब्ध साधनांचा विचार करावा लागेल, अशी मर्यादाही घातली. ती मर्यादाच आजही आड येते. मेडिकेड या सरकारी योजनेत शुश्रूषागृहातील वास्तव्याचा खर्च राज्यांना करावाच लागतो. घरी मदतनीस पुरवण्याच्या बहुतेक सेवा मात्र राज्यांच्या मर्जीवर सोपवलेल्या आहेत. त्या मिळवण्यासाठी लोकांना प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षे तिष्ठावे लागते. चळवळीच्या आतूनही एक रास्त आक्षेप घेतला गेला. प्रारंभीच्या काळात तिचे नेतृत्व मुख्यतः शारीरिक अपंगत्व असलेल्यांकडे राहिले आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींचा आवाज मागे पडला. आपला निर्णय आपण घ्यायचा हे तत्त्व त्यांनाही लागू आहे, हे मान्य व्हायला आणखी काळ जावा लागला.

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला, तेव्हा त्याच्या १९व्या अनुच्छेदात ही मांडणी जागतिक कायद्याच्या भाषेत आली. कुठे व कोणासोबत राहायचे हे निवडण्याची संधी इतरांइतकीच दिव्यांगांनाही असली पाहिजे आणि त्यासाठी व्यक्तिगत साहाय्य मिळाले पाहिजे, असे तो अनुच्छेद सांगतो. भारताने २००७ साली या कराराला मान्यता दिली. रॉबर्ट्स यांच्या निधनाच्याच वर्षी, डिसेंबर १९९५ मध्ये, आपल्या संसदेने अपंग व्यक्तींसाठी कायदा संमत केला होता. पण त्यात शिक्षण, नोकऱ्या व अडथळामुक्त वातावरण यांवर भर होता. समाजात राहण्याचा हक्क स्वतंत्र कलमाच्या रूपाने आला तो दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील कलम ५ मध्ये. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क असेल, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. विशिष्ट ठिकाणी राहण्याची सक्ती होऊ नये आणि व्यक्तिगत साहाय्यासह आवश्यक सेवा मिळाव्यात, यासाठी सरकारने मात्र केवळ प्रयत्न करायचा आहे. हक्क आणि प्रयत्न या दोन शब्दांमध्ये असंख्य माणसांचे आयुष्य अडकलेले असते.

गोव्यापुरते बोलायचे तर २०११च्या जनगणनेत राज्यातील दिव्यांगांची संख्या ३३ हजारांच्या आसपास होती. २०२३ पासून पणजीत भरू लागलेल्या पर्पल फेस्टने या विषयाला प्रतिष्ठा मिळवून दिली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण महोत्सव संपल्यावर माणूस घरी परततो. तिथे बाल्कांवच्या पायऱ्या असतात, बसची उंच पायरी असते आणि बहुतेक घरांत मदतनीस म्हणून आई, बहीण किंवा भाऊ असतो. झोना आणि रॉन जे करीत होते, तेच आपल्याकडे असंख्य कुटुंबे निमूटपणे करीत आहेत. आपल्या पश्चात या मुलाचे कसे होईल, ही चिंता उराशी घेऊन किती आईबाप रात्री जागतात, याची मोजदाद कोणत्याही जनगणनेत होत नाही.

या चिंतेला रॉबर्ट्स यांनी दिलेले उत्तर साधे आहे. मदत ही कुटुंबाच्या मायेवर किंवा संस्थेच्या दयेवर सोडू नये. ती कायद्याने देय असावी आणि तिचा वापर कसा करायचा हे ती घेणाऱ्याने ठरवावे. कलम ५ मध्ये या उत्तराचा पूर्वार्ध लिहिलेला आहे. उत्तरार्ध अर्थसंकल्पात, म्हणजे मदतनिसाच्या पगाराच्या रूपाने, लिहावा लागेल. खात्याच्या टेबलावर येणाऱ्या पुढच्या अर्जावर अपात्र असा शेरा मारण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याने १९६२ सालच्या त्या अर्जदाराची आठवण ठेवली, तरी पुष्कळ झाले.